कानतुट्या अंगणात आला

१ डिसेंबर, रविवार

ही वही बायकोने, जागृतीने, आणून दिली. म्हणाली, "दिवसभर कोणाशी बोलत नाही तुम्ही. निदान हिच्याशी तरी बोला." कंपनीने आमचा पॅकिंग विभाग बंद केला त्याला महिना होत आला. रोज सकाळी बाइक काढून एडवणहून बोईसरला जायची एवढी सवय झाली होती की अजूनही हेल्मेट घेऊन दारापर्यंत जातो. आई बघत असते. मग ते परत खुंटीला लावतो.

आज केळीला पाणी सोडून बांधावर बसलो होतो. पाटाच्या पलीकडे एक मुंगूस आलं आणि मागच्या दोन पायांवर उभं राहून माझ्याकडे बघत राहिलं. सगळा जन्म या वाडीत गेला, पण मुंगूस म्हणजे शेपटी दिसली आणि झुडूप हललं, एवढंच. आज पहिल्यांदा तोंड नीट बघितलं. टोकदार नाक, तांबूस डोळे, डावा कान फाटलेला. मोबाइल खिशातून काढेपर्यंत पसार.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय नवीन हाय? सकाळचा दिसला ना? मग बरं झालं. काम लागंल तुजं."

५ डिसेंबर, गुरुवार

आज जे बघितलं ते सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण माझ्याकडे व्हिडिओ आहे.

फाटक्या कानाच्या त्याच मुंगसाचं नाव मी कानतुट्या ठेवलं. त्याने आमच्या कोंबडीचं अंडं पळवलं. तोंडात मावत नव्हतं, म्हणून गडगडवत विहिरीच्या दगडापर्यंत नेलं. दगडाकडे पाठ करून उभा राहिला, अंडं पुढच्या पायांत धरलं आणि दोन मागच्या पायांच्या मधून धाडकन मागे फेकलं. फुटलं नाही. परत आणलं, परत फेकलं. फुटल्यावर बसून चाटून खाल्लं आणि जाताना बूड त्या दगडावर घासून गेला. हा दगड माझा, असं सांगून गेल्यासारखा.

आई म्हणाली, "अंडं गेलं आनि तू हसतंस काय?"

जागृतीने मोबाइलवर चॅनेल उघडून दिलं. नाव ठेवलं 'वाडीतले शेजारी'.

१६ डिसेंबर, सोमवार

अंड्याचा व्हिडिओ लोकांनी खूप बघितला. कंपनीतल्या जुन्या पोरांचे फोन आले.

आता मी सकाळपासून चिकूखाली बसून असतो. बरंच कळायला लागलंय. ही जनावरं उन्हं वर आल्यावर बाहेर पडतात, भर दुपारी गायब होतात, चारनंतर पुन्हा येतात आणि अंधार पडायच्या आत बिळात जातात. साप क्वचितच खातात. किडे, सरडे, उंदीर, खाडीकडचे खेकडे, पडलेले चिकूसुद्धा. मागच्या बांधावर जुनं वारूळ आहे, त्यात एक मादी राहते. तिला तीन पिल्लं आहेत. ती बाहेर निघाली की पिल्लं एकामागे एक, नाक पुढच्याच्या शेपटीला लावून चालतात. लांबून बघितलं तर एकच लांबलचक जनावर वाटतं. मी जरा जवळ गेलो तर दुसऱ्या दिवशी तिने पिल्लं मानेला धरून दुसऱ्या बिळात हलवली. कानतुट्या यांच्यात नसतो. नर एकटा हिंडतो.

एवढं लक्ष मी कंपनीत कधी कशात घातलं नव्हतं.

२२ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. वाडीत कुठलंतरी परकं कुत्रं शिरलं. गावातलं नाही, कधी बघितलेलं नाही. खाली मान घालून, तोंडातून लाळ गाळत, सरळ रेषेत चालत आलं आणि कानतुट्यावर गेलं. कानतुट्याने अंगावरचे केस असे फुलवले की दुप्पट झाला, आणि कुत्र्याच्या नाकाला लोंबकळला. कुत्र्याने त्याला झटकून पाडलं, खांद्याला धरलं. मी काठी घेऊन धावलो तेव्हा कुत्रं ओरडलंही नाही, तसंच समुद्राकडे चालत गेलं.

कानतुट्या लंगडत झुडपात शिरला. जगला पाहिजे. सगळी झटापट मोबाइलमध्ये आली आहे, पण ती टाकायचा धीर होत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

कानतुट्या जगला. खांद्यावरचे केस गेलेत, पण फिरतोय.

झटापटीचा व्हिडिओ शेवटी टाकला. आजवरचा सगळ्यात जास्त बघितला गेला. खाली सगळ्यांचं एकच, सापाची लढाई दाखवा. मुरब्याच्या एका ओळखीच्याने विचारलं, "धामण पकडून देऊ का?" मी नाही म्हणालो नाही. जागृतीने ऐकलं.

"साप धरून त्याच्यापुढे सोडणार? मग तुमच्यात आणि गारुड्यात फरक काय?"

मी म्हटलं, लोक मागतात.

"लोक काहीही मागतील."

धामणीचं राहिलं. पण खरं सांगायचं तर मोह झाला होता.

२३ जानेवारी, गुरुवार

आज चमत्कार झाला! इतके दिवस मी गप्प बसून राहिलो त्याचं फळ मिळालं.

भर दुपारी, जेव्हा मुंगसं कधीच दिसत नाहीत तेव्हा, कानतुट्या अंगणात आला. आई तांदूळ निवडत होती. तिच्या सुपाशेजारून गेला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. पळाला नाही. मी अंडं फोडून हातावर घेतलं, तर त्याने थोडंसं तोंड लावलं आणि मग माझा हातच चाटत राहिला. काल नारळ सोलताना कोयता लागला होता, त्या चिरेवर त्याची खरखरीत जीभ फिरत होती. झोंबत होतं, पण मी हात हलवला नाही. आई म्हणाली, "अरे, पोटच्या पोरासारा बसलाय."

जंगली जनावराचा विश्वास बसणं म्हणजे काय ते आज कळलं. लिहिताना डोळ्यांत पाणी येतंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

कालचा व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. पालघरच्या नातेवाइकांचे फोन, कोणी अमेरिकेतून लिहिलंय. एका बाईने मात्र खाली टाकलं, 'हे जनावर आजारी आहे. हात लावू नका, ताबडतोब डॉक्टरकडे जा.' एवढ्या चांगल्या गोष्टीत खडा टाकणारं कोणीतरी असतंच. मी ते पुसून टाकलं.

कानतुट्या आजही आला. आवाज बसल्यासारखा झालाय, घोगरा. संध्याकाळी उशिरापर्यंत घराभोवती फिरत होता. बिळात जावंसं वाटत नसावं. माणसांची सवय लागली.

२६ जानेवारी, रविवार

आज सुट्टी, म्हणून माणसं बघायला आली. बोईसरहून बाइकवर दोघे आले. त्यातला एक बबलू, प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर असतो म्हणाला, गाव उत्तर प्रदेशात. पिवळा शर्ट, बोलता बोलता हसायची सवय. "भैया, आपका नेवला देखने आए हैं. हमारे गाँव में भी हैं, पर हाथ किसी के नहीं आते."

कानतुट्या केळीच्या बुंध्याला चावे घेत होता, का कोण जाणे. बबलू उकिडवा बसला, अंडं पुढे केलं आणि भीतीने की काय, गुदगुल्या झाल्यासारखा हसायला लागला. मोबाइलच्या चौकटीत त्याचा हात मावत नव्हता. मी म्हटलं, "थोडा और पास, भैया. और पास." कानतुट्याने अंड्याकडे बघितलंही नाही. सरळ बोट धरलं. सोडेना. बबलूने हात झटकला तेव्हा कुठे सुटलं.

आम्ही सगळे दचकलो. मग बबलूच मोठ्याने हसला. "अरे, ये तो मुझे ही साँप समझ बैठा!" आईने बोटावर हळद दाबून फडकं बांधलं. चहा पिऊन दोघे गेले. साधा, चांगला मुलगा. फोन नंबर घ्यायचा राहिला, व्हिडिओ पाठवला असता.

२७ जानेवारी, सोमवार

कानतुट्याला काहीतरी झालंय. मागचे पाय ओढत चालतो. खराट्यावर धावून गेला, पंपाच्या पाइपला दात मारले. तोंडाला फेस आहे. बहुतेक उंदराचं औषध खाल्लेला उंदीर त्याने खाल्ला. वाटीत पाणी धरलं, तर तोंड नेलं पण गिळता येईना. मी बोट बुडवून थेंब त्याच्या तोंडात सोडणार होतो, पण जागृतीने हाताला धरून मला मागे ओढलं. "बस झालं! मला हे बरं दिसत नाही." तिने अंगणाचं दार लावून घेतलं. तिच्यावर मी चिडलो. तहानलेल्या जनावराला पाणी देऊ नये?

२८ जानेवारी, मंगळवार

कानतुट्या गेला. सकाळी विहिरीच्या दगडापाशी ताठ पडला होता. बाबांनी खड्डा खणला. मी त्याला हाताने उचलून ठेवलं. बाबा म्हणाले, "एवडं कोन करतो रे मुंगसाचं?"

त्याच्या आठवणीचा व्हिडिओ बनवून टाकला, बबलूच्या प्रसंगासकट, कारण त्यात कानतुट्या सगळ्यात जवळून दिसतो.

२९ जानेवारी, बुधवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी अंगणात गाडी थांबली. एक बाई उतरल्या. डॉक्टर मेघाली, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या. माझा पत्ता त्यांनी गावात विचारत विचारत काढला. उभ्या उभ्या विचारलं, "तुमच्या व्हिडिओखाली मी लिहिलं होतं. तुम्ही पुसलं?"

मी मोबाइल खिशात घातला.

"ते मुंगूस कुठे आहे?"

"पुरलं."

"कोणाकोणाला चावलं? कोणाला चाटलं? जखमेवर?"

मी हसून म्हटलं, कुत्रा थोडाच होता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नीलेश, रेबीज फक्त कुत्र्याला होतो असं तुम्हाला कोणी सांगितलं? मुंगसाला होतो, मांजराला होतो, गाईला होतो. रानातलं जनावर माणसाला घाबरेनासं होतं, अवेळी फिरतं, दिसेल त्याला चावतं, गिळता येत नाही, मागचे पाय जातात. हे सगळं तुम्ही रोज शूट करून आम्हाला दाखवत होता."

ते लाळ गाळणारं परकं कुत्रं आठवलं. मी उंबऱ्यावर बसलो. तो माझ्यावर विश्वास म्हणून आला नव्हता. तो मला ओळखतही नव्हता.

आई म्हणाली, "आमी हळद लावली त्या पोराला." डॉक्टर म्हणाल्या, "हळद नाही, मावशी. साबण आणि वाहतं पाणी, बराच वेळ. आणि लगेच इंजेक्शन. हा आजार एकदा अंगावर दिसायला लागला की जगात कुठेही माणूस वाचवता येत नाही. पण त्याआधी इंजेक्शनं घेतली तर वाचतो. वेळ आहे. उठा."

त्यांच्या माणसांनी हातमोजे घालून खड्डा उकरला. तपासणीसाठी कानतुट्याला घेऊन गेले. बाबा भिंतीला टेकून ते बघत होते.

३० जानेवारी, गुरुवार

मी, आई, बाबा, जागृती, चौघेही सरकारी दवाखान्यात गेलो. मला दंडात लस आणि तळहातावरच्या त्या चिरेत आणखी एक औषध टोचलं. चिरेत सुई गेल्यावर ओरडलो. नर्स म्हणाली, "चाटू दिलं तेव्हा नाही का ओरडलात?"

डॉक्टरांचा प्रश्न एकच, त्या बोईसरच्या मुलाचं काय?

नाव बबलू. पिवळा शर्ट. प्लास्टिकचा कारखाना. माझ्याकडे एवढंच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस बोईसर पालथं घालतोय. जिथे रोज डबा खायचो त्या टपऱ्यांवर, कारखान्यांच्या दारांवर, खोल्यांच्या चाळींत मोबाइलमधला फोटो दाखवत फिरतो. बबलू नावाचे किती निघाले, हा कोणीच नाही. चॅनेलवरचे सगळे जुने व्हिडिओ काढून टाकले आणि एकच टाकला, त्यात मी सरळ सांगितलं की मुंगूस पिसाळलेलं होतं, ज्यांनी हात लावला त्यांनी आजच्या आज इंजेक्शन घ्या, आणि बबलूला कोणी ओळखत असेल तर कळवा. तो बघितला जात नाही. मी काढून टाकलेला व्हिडिओ मात्र दुसऱ्या लोकांनी आपल्या नावावर टाकलाय, गाणं लावून. एकाने लिहिलंय, 'आम्हीही पाळणार.' त्याला लिहिलं, पाळू नका. त्याने हसण्याचं चित्र पाठवलं.

आज दुपारी एका चाळीत त्याचा मित्र सापडला, त्या दिवशी बाइक चालवणारा. "बबलू? वो तो गाँव गया. बहन की शादी है." नंबर मिळाला. बंद.

गल्लीतच खाली बसलो. मित्र घाबरून पाणी घेऊन आला.

५ फेब्रुवारी, बुधवार

तपासणीचा निकाल आला. रेबीज. डॉक्टर मेघालींनी फोनवर एवढाच शब्द सांगितला. मला वाटत होतं, कुठेतरी चूक निघेल.

गावात बातमी फुटली. संध्याकाळी काही जण घासलेट घेऊन मागच्या बांधावर निघाले, वारूळ जाळायला. बाबा त्यांच्यापुढे उभे राहिले. "जे मेलं ते मेलं. यांनी तुमचं काय केलंय? लांब ऱ्हावा, पोरांना लांब ठेवा." त्यांना असं मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी फोनवरून सरपंचांना समजावलं, मुंगूस मारणं गुन्हा आहे, आणि गावातल्या कुत्र्यांना लस द्यायला त्यांची गाडी उद्या येते आहे. माणसं परतली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बबलूचा फोन लागला! मागे सनईचा, बायकांच्या गाण्याचा आवाज.

मी सगळं सांगितलं, एका दमात. तो हसला. "अरे भैया, नेवला था, कुत्ता थोड़ी. घाव तो भर भी गया."

मी ओरडलो. मग रडलो. म्हटलं, तुझ्या पाया पडतो, आज जा. "अच्छा भैया, रोइए मत. जाता हूँ. शादी का घर है, थोड़ा निपटा के."

"निपटा के नहीं, आज."

"आज ही. पक्का."

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पुन्हा फोन केला. "लगवा लिया भैया, लगवा लिया." कुठे टोचलं विचारलं तर म्हणाला, "हाथ में." कागदाचा फोटो पाठव म्हटलं तर म्हणाला, कागद भाईकडे आहे, नंतर पाठवतो. पुढची इंजेक्शनं कधी आहेत विचारलं. "हाँ हाँ, वो भी लगवा लूँगा. आप टेंशन मत लीजिए."

केवढं ओझं उतरलं. आईला सांगितलं, तिने देवापुढे नारळ ठेवला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. जागृती मात्र म्हणाली, "कागद मागत राहा." ती सगळ्यातच शंका काढते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पालघरला गोडाऊनमध्ये काम मिळालं. माझीही शेवटची लस आता जवळ आली. बबलूला कागदासाठी दोनदा निरोप टाकला, त्याने उभ्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. लग्न छान झालं म्हणून बहिणीचा फोटो पाठवला. होळी करून बोईसरला येतो म्हणाला. आला की घरी जेवायला बोलवायचं. आई म्हणते, पापलेट करीन.

११ मार्च, मंगळवार

गोडाऊनमध्ये बॉक्स लावत होतो. बबलूच्या नंबरवरून फोन. मी हसतच घेतला. "कब आ रहे हो?"

दुसराच आवाज. "मैं उसका बड़ा भाई बोल रहा हूँ."

बबलू शनिवारी गेला.

मी म्हटलं, कोणता बबलू? खरंच असं विचारलं.

आधी हाताला मुंग्या येत होत्या. मग ताप. मग पाणी बघितलं की गळा आवळायचा, पंख्याचा वारा लागला तरी अंग आखडायचं. शेवटपर्यंत माणसं ओळखत होता. दवाखान्यात विचारलं, कुत्रा चावला होता का. घरच्यांना काही माहीत नव्हतं. त्यानेच सांगितलं, नेवला.

"पर सुई तो लगवाई थी ना?" मी विचारलं.

भाऊ म्हणाला, "कौन सी सुई? वो तो कहीं गया ही नहीं. कहता था, महाराष्ट्र में एक भैया हैं, बहुत डरते हैं, उनका मन रखने के लिए हाँ बोल देता हूँ."

फोन ठेवल्यावर बॉक्स तसाच हातात होता. कोणीतरी तो काढून घेतला. घरी कसा आलो, आठवत नाही.

१२ मार्च, बुधवार

कामावर गेलो नाही. बाबा शेजारी बसून होते. जागृतीने विचारलं, "त्याच्या गावी जायचं का आपण?" मी म्हटलं, कुठल्या तोंडाने? ती म्हणाली, "याच तोंडाने." परवाच्या गाडीचं बघते म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार

बबलूच्या भावाचा सकाळी निरोप आला. त्यांच्या घरी त्याचे फोटो आहेत, पण हलता-बोलता एकही नाही. मित्राने सांगितलं की तुमच्याकडे व्हिडिओ आहे, त्यात तो हसतो. आईसाठी पाठवा.

मी चॅनेलवरून काढला होता, मोबाइलमध्ये होता. चिकूखाली बसून लावला. चावण्याच्या आधी कापला. पिवळा शर्ट, उकिडवा बसलेला, हातात अंडं, हसतोय. उरलेल्या तुकड्यात मुंगूस दिसतच नाही, फक्त तो दिसतो. पण त्याच्या हसण्यावर माझा आवाज चढलेला आहे. थोडा और पास, भैया. और पास. माझा आवाज काढायला गेलो तर त्याचं हसणं जातं. दोन्ही एकातच आहेत. जागृतीलाही जमलं नाही.

तसाच पाठवला.

बऱ्याच वेळाने भावाचं उत्तर आलं. 'माँ बार-बार देख रही हैं. पूछती हैं, इसको इतने प्यार से पास कौन बुला रहा है?'

लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आईने जेवायला हाक मारली तेव्हाही मोबाइल हातातच होता.

मग लिहिलं, 'मैं.'